कॅन : दोन ट्रॅक, १५०० गाद्या आणि एक ब्लेड

दोन_ट्रॅक (धागालेखक)

जर्मन प्रोग्रेसिव्ह रॉक म्हटलं की कीबोर्डांच्या भिंती, चमचमते झगे आणि अंतराळातली गोष्ट सांगणारी वीस मिनिटांची गाणी आठवतात. कोलोनच्या कॅन या बँडकडे यातली फक्त वीस मिनिटं होती. बाकी सगळं उलटंच. सोलो जवळपास नाहीत, सुरावटी तुटक, आणि ड्रम असे की पाच मिनिटं झाली तरी वाजवणारा हलत नाही.

या बँडचा इतिहास बहुतेक वेळा गायकांनुसार सांगितला जातो: आधी माल्कम मूनी, मग डामो सुझुकी, मग उतरण. माझ्या मते तो टेपरेकॉर्डरनुसार सांगितला तर जास्त उलगडतो. म्हणून हा धागा.

१९६८ साली कोलोनमध्ये चौघे एकत्र आले. इर्मिन श्मिट (जन्म १९३७) हा शास्त्रीय शिकलेला पियानिस्ट आणि संगीत-संचालक, आखनच्या नाट्यगृहात नोकरीला होता. १९६६ साली तो वाद्यवृंद-संचालनाच्या स्पर्धेसाठी न्यूयॉर्कला गेला आणि तिथे टेरी रायली, स्टीव्ह राइक यांच्या पुनरावृत्तीवर उभ्या संगीताशी गाठ पडली. स्पर्धा बाजूलाच राहिली. होल्गर शुकाय (१९३८) आणि श्मिट दोघेही जर्मन संगीतकार श्टॉकहाउझनचे विद्यार्थी. शुकाय स्वित्झर्लंडमध्ये संगीत शिकवत असताना मिशाएल कारोली (१९४८) हा त्याचा विद्यार्थी होता. बीटल्सचं 'आय अ‍ॅम द वॉलरस' ऐकवून त्यानेच मास्तरांना रॉककडे ओढलं. चौथा याकी लीबेत्साइट (१९३८), मानफ्रेड शूफच्या पंचकातला फ्री जॅझ ड्रमर. सुरुवातीला डेव्हिड जॉन्सन हा अमेरिकन बासरीवादकही होता, पण रोख रॉककडे वळतोय हे पाहून वर्षअखेरीस तो गेला. माल्कम मूनी हा अमेरिकन शिल्पकार. गाण्याचं शिक्षण शून्य, पण तालाची पकड अशी की लीबेत्साइट आणि तो एकमेकांना दाबून धरत.

म्हणजे मूळ चौघांत कारोली सोडला तर सगळे तिशीच्या आसपासचे. आपापल्या विद्येत पुरते तयार, आणि रॉकमध्ये अगदी कोरे.

जागा मिळाली न्योर्फेनिशच्या गढीत. कोलोनजवळच्या या जुन्या वाड्याचा ताबा एका कलासंग्राहकाकडे होता आणि त्याने वर्षभर बिनभाड्याने राहू दिलं. सामान म्हणजे मोजके मायक्रोफोन, काही अ‍ॅम्प्लिफायर आणि दोन ट्रॅकचे टेपरेकॉर्डर. दोन ट्रॅक म्हणजे डावा आणि उजवा, संपलं. त्याच काळात इंग्लंड-अमेरिकेतले मोठे स्टुडिओ आठ ट्रॅकवर पोचले होते.

'मॉन्स्टर मूव्ही' (१९६९) इथलाच. पहिल्या ५०० प्रती 'म्युझिक फॅक्टरी' या नावाने निघाल्या आणि मग लिबर्टी या कंपनीने तो उचलला. दुसरी बाजू भरून असलेलं 'यू डू राइट' वीस मिनिटांचं आहे, आणि ते सुमारे सहा तासांच्या वादनातून कापून काढलेलं आहे. कॅनची रीत इथेच ठरली: टेप चालू ठेवून वाजवत राहायचं, गाणं नंतर ब्लेडने शोधायचं.

१९६९ अखेरीस मूनीची मानसिक अवस्था बिघडली आणि तो अमेरिकेला परतला. मे १९७० मध्ये म्युनिकच्या एका कॅफेबाहेर शुकाय आणि लीबेत्साइट बसले असताना रस्त्यावर ओरडत गाणारा एक जपानी तरुण दिसला. त्याच संध्याकाळी 'ब्लो अप' क्लबात त्यांचा कार्यक्रम होता. शुकायने त्याला तिथल्या तिथे विचारलं. तालीम नाही, काही नाही. हा डामो सुझुकी. त्या रात्री बहुतेक प्रेक्षक उठून गेले म्हणतात.

'टागो मागो' (१९७१, दोन तबकड्या, ७३ मिनिटं) गढीतला शेवटचा. १९७१ च्या डिसेंबरात मुक्काम हलला वाइलरस्विस्टला, एका बंद पडलेल्या सिनेमागृहात. भिंतींना लष्कराच्या जुन्या सुमारे १५०० गाद्या लावल्या. स्टुडिओचं नाव गढीतलंच ठेवलं, 'इनर स्पेस'. इथे 'एगे बाम्यासी' (१९७२), 'फ्यूचर डेज' (१९७३) आणि 'सून ओव्हर बाबालूमा' (१९७४) झाले, अजूनही दोन ट्रॅकवरच. १९७५ च्या 'लँडेड'ला सोळा ट्रॅकचं यंत्र आलं. चार वर्षांत बँड संपला.

या शेवटच्या दोन वाक्यांचा एकमेकांशी संबंध आहे असं माझं म्हणणं आहे. वाद घालायला मोकळे आहात.

---

रसिका_०७

छान सुरुवात. एक अडाणी प्रश्न. दोन ट्रॅक म्हणजे डावा-उजवा एवढंच असेल, तर 'टागो मागो'त आवाजांचे थर कसे ऐकू येतात? 'ओ येह'मध्ये तर सुरुवातीला डामो उलटा गातोय आणि बाकीचे सुलटे वाजवतायत. हे एका दमात कसं होईल?

---

दोन_ट्रॅक

रसिकाताई, प्रश्न अडाणी अजिबात नाही, सगळी गंमत इथेच आहे. दोन यंत्रं लागतात.

पहिल्या यंत्रावर सगळ्यांनी मिळून वाजवलेलं स्टिरिओ ध्वनिमुद्रण. ती टेप वाजवायची, तिचा आवाज मिक्सरमध्ये घ्यायचा, त्याच वेळी नवीन गिटार किंवा गाणं मिक्सरच्या दुसऱ्या खणात द्यायचं, आणि दोन्ही मिळून दुसऱ्या यंत्रावर उतरवायचं. आता दुसरी टेप ही मूळ. तिसरा थर हवा असेल तर तीच कृती उलट्या दिशेने. उलटा आवाज हवा असेल तर रिळं पालटून टेप उलटी चालवायची आणि तो आवाज असाच मिसळायचा.

यात तीन गोष्टी बिघडतात.

एक, खरखर. प्रत्येक पिढीला टेपची स्वतःची खरखर वाढते. सारख्या टेपवर, सारख्या पातळीला, दुसऱ्या पिढीत ती ३ डेसिबलने वाढते, तिसऱ्या पिढीत मूळच्या तुलनेत साधारण ५ ने, चौथ्या पिढीत ६ ने. खरखर सहन होते, पण त्याबरोबर झांजांची चकाकीही मरते.

दोन, हेडचा (टेप वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या भागाचा) कोन. दोन यंत्रांचे हेड टेपला काटकोनात नसतील, किंवा एकाचा कोन दुसऱ्याशी जुळत नसेल, तर वरच्या पट्टीतला आवाज बोथट होतो. १० किलोहर्ट्झचा सूर वाजवून हेडचा बारका स्क्रू फिरवत कमाल पातळी शोधायची असते. घाईत खोट्या शिखरावर थांबलं की सगळा अल्बम गोधडीत गुंडाळल्यासारखा होतो, म्हणून आधी १ किलोहर्ट्झवर ढोबळ जुळवणी करून मगच १० वर जायचं.

तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं: मिसळलेलं परत वेगळं होत नाही. नवीन गिटार जास्त झाली तर ती कमी करायला मिक्सरवर वेगळी दांडी नाही. मागच्या टेपवर जाऊन सगळं पुन्हा. म्हणून थर घालण्याआधीच निर्णय पक्का लागतो.

---

फीतकापू

कापण्याबद्दल कुणी लिहीत नाही म्हणून लिहितो. शुकायचं खरं वाद्य बास नव्हतंच, ब्लेड होतं.

पाव इंची टेप, रुंदी ६.३ मिमी. वेग सेकंदाला ३८ सेमी असेल तर १२० च्या लयीतली एक मात्रा १९ सेमी लांब. हाताने धरता येईल एवढी! १९ सेमीच्या वेगाला तीच मात्रा साडेनऊ सेमी. म्हणून कापाकापी करायची असेल तर वेगवान टेप सोयीची. पण ३८ च्या वेगाला २६.५ सेमीचं मोठं रीळसुद्धा (जाड टेप, ७६२ मीटर) अवघी ३३ मिनिटं चालतं. १९ ला ६६. सहा तास वाजवायचं तर ३८ च्या वेगाला अशी अकरा रिळं. टेपचं बिल बघून कुणीही १९ वर यायचा.

कृती अशी. यंत्र थांबवून दोन्ही रिळं हाताने मागेपुढे हलवायची, आवाज हळू होऊन 'गुर्र-धप्प' असा ऐकू येतो. त्या 'धप्प'च्या किंचित आधी, वाचणाऱ्या हेडवर, टेपच्या पाठीला पिवळ्या किंवा पांढऱ्या मेणाच्या पेन्सिलने खूण. दुसरा तुकडाही तसाच. दोन्ही खुणा अ‍ॅल्युमिनियमच्या खाचेच्या ठोकळ्यात बसवून ४५ अंशांत काप. टोकं भिडवायची, एकावर एक चढवायची नाहीत, फटही ठेवायची नाही. मग जोडपट्टी पाठीच्या बाजूने लावून नखाने घासायची.

चुकतं कुठे? साधी चिकटपट्टी लावली तर डिंक कडेने पाझरतो, रिळावरचे शेजारचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि काही महिन्यांनी जोडावर आवाज अडखळतो. ब्लेडला चुंबकत्व आलं तर प्रत्येक जोडाला 'टक्' ऐकू येतं. ४५ अंशांच्या कापात टेपची एक कड आधी येते, दुसरी नंतर, म्हणजे दोन्ही कडांमध्ये ३८ च्या वेगाला सुमारे १६ मिलिसेकंदांचा, १९ ला ३३ चा फरक. स्टिरिओत हे कानाला एखादी झुळूक एका बाजूने दुसरीकडे सरकल्यासारखं वाटतं. मोठा आघात बरोबर जोडावर असेल तर सरळ काटकोनात कापायचं, तिरका नको.

आणि मुख्य म्हणजे झांज. आधीच्या तुकड्यात झांजेचा मोठा आघात झाला असेल तर तिचा निनाद जोडावर कचकन तुटतो. आंधळ्यालाही कळेल. कॅनमध्ये जोड सापडत नाहीत याचं एक कारण म्हणजे लीबेत्साइट अशा मोठ्या 'ढाण'च्या मागे कमी लागे. दुसरं कारण त्याची लय. वीस मिनिटांच्या अंतराने वाजवलेले दोन तुकडे शेजारी ठेवले तरी चालायचे. एखादा सेंटीमीटर चुकला तर ३८ च्या वेगाला २६ मिलिसेकंदांचा धक्का बसतो. लय भटकत असेल तर सेंटीमीटर बरोबर असूनही बसतो. असा ड्रमर नसेल तर सहा तासांतून वीस मिनिटं काढता येतच नाहीत.

---

चौथी_मात्रा

लीबेत्साइटबद्दल आपल्याकडे एक वाक्य फार फिरतं, की तो 'तबल्यासारखा ठेका धरतो'. कौतुक म्हणून ठीक, वर्णन म्हणून चूक.

ठेक्याला सम (आवर्तनाची पहिली मात्रा) असते, खाली असते. ऐकणारा आवर्तनात कुठे उभा आहे ते बोलांवरूनच कळतं, आणि सगळी मजा समेवर येण्यात आहे. लीबेत्साइट सम लपवतो. त्याचं आवर्तन एक-दोन बारचं, पण त्यातल्या कोणत्या घावापासून सुरुवात मानायची हे तो सांगत नाही. 'टागो मागो'वरचं 'हालेलूवा' साडेअठरा मिनिटं आहे. टाळी कुठे द्यायची हे वेगवेगळ्या लोकांना वेगवेगळं वाटतं. तुलनाच करायची तर लग्गीशी (ठुमरी-दादऱ्यातलं जलद तबलावादन) करा, तीसुद्धा तिहाईशिवायच्या (तीनदा वाजवून समेवर आणणारा तुकडा). तिहाई आली की कॅन संपलं.

तो फ्री जॅझमधून आला हे विसरू नये. तिथे तालाची पुनरावृत्ती निषिद्ध. एका श्रोत्याने 'एकसुरी वाजव' असा सल्ला दिला आणि त्याने तो अक्षरशः पाळला, असं तो सांगायचा. पुढे उतारवयात त्याने पायाची पेडलं सोडून दिली, हातांनीच वाजवायच्या वेगळ्या संचावर आला, आणि मोर्सच्या टिंब-रेघेवर आधारलेली तालपद्धत बांधली. एक छोटा घाव, एक लांब घाव, त्यांचे गट. २२ जानेवारी २०१७ ला तो गेला.

'एगे बाम्यासी'वरचं 'वन मोअर नाइट' सात मात्रांचं आहे. रूपक समजून टाळी धरू नका, फसाल. रूपकातली तीन-दोन-दोनची विभागणी मनातून काढून टाकली की मगच ते वाहायला लागतं.

---

निळासावळा

नावाबद्दल कुणी लिहिलंच नाही. कॅन म्हणजे कम्युनिझम, अ‍ॅनार्किझम, निहिलिझम यांची आद्याक्षरं.

---

दोन_ट्रॅक

ते नंतर चिकटवलेलं, निळासावळा. नाव मूनीने सुचवलं. अनेक भाषांत वेगवेगळे अर्थ निघतात म्हणून ते सगळ्यांना आवडलं. तुर्कीत तर 'जान' म्हणजे प्राण हा शब्द असाच लिहितात. आद्याक्षरांचा अर्थ लीबेत्साइटने मागाहून गमतीत पुरवला.

तुर्कीवरून आठवलं. 'एगे बाम्यासी' म्हणजे एजियन भेंडी. मुखपृष्ठावर भेंडीच्या डब्याचं चित्र आहे आणि डब्याला इंग्रजीत कॅन. एवढाच विनोद. आपल्याकडे कुणी त्या नावात गूढ शोधू नये.

---

भिंतीपलीकडे

१५०० गाद्यांबद्दल थोडं. लोक याला 'आवाज बाहेर जाऊ नये म्हणून' समजतात. गादीने आवाज बाहेर जायचा थांबत नाही, त्याला वजन लागतं: वीट, वाळू, दुहेरी भिंत. गादी खोलीच्या आतला प्रतिध्वनी मारते.

किती मारते हे जाडीवर ठरतं. भिंतीला चिकटवलेली १० सेमीची गादी साधारण ८५० हर्ट्झच्या वर उत्तम काम करते, कारण तिथे तरंगलांबीचा चौथा हिस्सा म्हणजे १० सेमी. त्याच्या निम्म्यापर्यंत, ४२५ च्या आसपास, बऱ्यापैकी. त्याखाली ती असून नसल्यासारखी. तीच गादी भिंतीपासून १० सेमी पुढे टांगली तर काम सुमारे एक सप्तक खाली उतरतं. घरी करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं, गादी तेवढीच, परिणाम दुप्पट.

बासचे सूर मग कुठे जातात? छोट्या खोलीत ते कोपऱ्यात साचतात आणि एखादा सूर घुमतो, शेजारचा गायब होतो. दहा बाय दहाच्या खोलीला पाचशे गाद्या लावा, हे सुटत नाही, उलट वरचे आवाज मेल्यामुळे घुमणं जास्त जाणवतं. सिनेमागृहाचं घनफळच मोठं. खालच्या सुरांना पसरायला जागा, आणि वरचे प्रतिध्वनी गाद्यांनी खाल्लेले. 'फ्यूचर डेज'मध्ये बास आणि ड्रम इतके मऊ आणि तरी स्पष्ट ऐकू येतात त्यात या खोलीचा मोठा हात आहे. 'टागो मागो' दगडी गढीतला, तिथे खोल्या बोलतात; शुकायने तर दोन वादनांच्या मधल्या वेळातही टेप चालू ठेवून ते घेतलं.

दोन्ही अल्बम एकापाठोपाठ हेडफोनवर ऐका. टेप तीच, माणसं तीच, जागा बदललेली.

---

रसिका_०७

एवढ्या मोकळ्या जागेत मोजक्या मायक्रोफोनवर पाच जण! एकाचा आवाज दुसऱ्याच्या मायक्रोफोनमध्ये जाणार नाही का?

---

भिंतीपलीकडे

जाणारच, आणि जाऊ द्यायचा. तो रोखायचा नसेल तर पातळी खोलीतच जमवावी लागते. गिटार मोठी वाटली तर तिचा अ‍ॅम्प मागे सरकवायचा; अशा कोरड्या खोलीत अंतर दुप्पट केलं की आवाज सहा डेसिबलच्या आसपास उतरतो. ड्रम जास्त होत असतील तर ड्रमरने हळू वाजवायचं, दुसरा उपाय नाही. म्हणून कॅन स्टुडिओत वाटतात तेवढे जोरात वाजवत नसत. गायकसुद्धा वाद्यांच्या वर ओरडू शकत नाही, त्यांच्यात बसतो. डामोचं पुटपुटणं ही नुसती शैली नाही, ती त्या मांडणीला परवडणारी गोष्ट आहे.

---

खर्जातला

आता धागालेखकाच्या मुख्य दाव्याकडे. सोळा ट्रॅक आले आणि बँड संपला, हे जरा सोपं होतंय.

डामो १९७३ मध्ये गेला तेव्हा यंत्र दोन ट्रॅकचंच होतं. लग्न झालं, तो यहोवाच्या साक्षीदारांच्या पंथात गेला. त्यानंतर कारोली आणि श्मिट गाऊ लागले, दोघेही गायक नव्हेत. खड्डा तिथे पडला. दुसरं, सोळा ट्रॅकनंतरच 'आय वाँट मोअर' (१९७६) ब्रिटनच्या यादीत २६ व्या क्रमांकावर गेलं. याआधीचं त्यांचं मोठं यश म्हणजे 'स्पून', जर्मनीत सहावा क्रमांक, तीन लाख प्रती, आणि तेही टीव्हीवरच्या 'दास मेसर' या रहस्यमालिकेचं शीर्षकगीत होतं म्हणून.

तिसरं, १९७७ मध्ये ट्रॅफिक या बँडमधून रॉस्को गी आणि रीबॉप क्वाकू बा आले. गी हा शुकायच्या कितीतरी वरचा बासवादक. शुकायने बास खाली ठेवला आणि शॉर्टवेव्ह रेडिओ, टेलिफोन, मोर्सची कळ घेऊन बसला. तालवाल्यांना पट्टीत बसणारं वादन हवं होतं, हा भलतीकडचे आवाज आत सोडणार. 'सॉ डिलाइट' (१९७७) नंतर तो बाहेर. 'आउट ऑफ रीच' (१९७८) त्याच्याशिवाय झाला, आणि तो बरीच वर्षं त्यांच्या स्वतःच्या स्पून कंपनीच्या यादीतही नव्हता. यात यंत्राचा दोष कुठे? माणसं बदलली.

---

दोन_ट्रॅक

खर्जातले राव, माणसं बदलली हे मान्य. पण बदलता आली कशामुळे?

दोन ट्रॅकवर पाचही जण त्या क्षणी हजर लागतात. एकाचं चुकलं की सगळ्यांचं चुकलं, म्हणून सगळे सगळ्यांचं ऐकतात. सोळा ट्रॅकवर कारोली मंगळवारी येऊन गिटार भरतो, श्मिट गुरुवारी. शुकायची स्वतःची तक्रारही हीच होती, की आता प्रत्येक जण आपापला ट्रॅक ऐकतो, एकमेकांना नाही. आणि जो माणूस आधी ध्वनिमुद्रणाचा मालक होता, त्याचं महत्त्व सोळा दांड्यांत वाटलं गेलं. मग उरला फक्त बासवादक, आणि तिथे गी वरचढ. रेडिओ घेऊन बसणं हा मला परत संकलक होण्याचा प्रयत्न वाटतो. टेपवर नाही तर थेट वादनात बाहेरचे तुकडे जोडायचे.

१९७९ चा 'कॅन' पाहा. शुकाय वाजवायला नाही, पण कापायला परत बोलावला. त्यावर ऑफनबाखचा कॅन-कॅन वाजवलाय. ऑफनबाख जन्माने कोलोनचाच, म्हणजे गावकऱ्याची थट्टा.

डामोचा मुद्दा मात्र तुमचा बरोबर. 'बाबालूमा'त गाण्याची जागा रिकामी आहे, आणि 'डिझी डिझी'त कारोलीच्या व्हायोलिनने ती भरलेली आहे.

---

खर्जातला

'फ्लो मोशन' (१९७६) हा अल्बम ऐकताना मला तरी एकमेकांचं न ऐकणं जाणवत नाही. पण 'लँडेड'च्या पहिल्या बाजूत गिटारींवर गिटारी चढवल्यात हे खरं. अर्धा मुद्दा दिला.

---

फीतकापू

दोघांच्या मधलं एक. सोळा ट्रॅकची टेप दोन इंची असते आणि कापता येते, पण कापलं की सोळाही ट्रॅक एकदम कापले जातात. म्हणून सोळा ट्रॅक आले की माणूस कापायचं टाळतो आणि भरायला लागतो. तपशील वाढतो, आकार हरवतो. कॅनचं काम आकाराचं होतं.

---

सूरदासी

ज्यांनी काहीच ऐकलेलं नाही त्यांनी कुठून सुरुवात करावी? 'टागो मागो' लावला आणि 'ऑम्न'पाशी बंद केला, असं सांगणारे बरेच भेटतात. प्रतींबद्दलही सांगा.

---

दोन_ट्रॅक

'ऑम्न' साडेसतरा मिनिटांचं आहे आणि ते दुसऱ्या तबकडीवर मुद्दाम ठेवलंय. पहिली तबकडी गाण्यांची, दुसरी टेपच्या प्रयोगांची. पहिली तबकडी संपवून तिथेच थांबायला हरकत नाही.

माझा क्रम: 'एगे बाम्यासी'पासून, कारण गाणी छोटी. त्यातलं 'स्पून' नीट ऐका, तालयंत्र आणि खरे ड्रम एकत्र आहेत, १९७१ साली ही दुर्मिळ गोष्ट. 'सूप' आवडलं नाही तर पुढे जा. श्मिट आणि डामो बुद्धिबळात एवढे रमले की अल्बमला वेळ कमी पडला आणि आधीच निघालेलं 'स्पून' घालून जागा भरावी लागली. मग 'फ्यूचर डेज', त्यातलं 'बेल एअर' अख्खी दुसरी बाजू. मग 'टागो मागो'. मग मागे जाऊन 'मॉन्स्टर मूव्ही' आणि 'साउंडट्रॅक्स' (१९७०). शेवटच्यात मूनी आणि डामो दोघेही आहेत, आणि 'मदर स्काय' हे साडेचौदा मिनिटांचं गाणं स्कोलिमोव्स्कीच्या 'डीप एंड' या चित्रपटासाठीचं. 'डिले १९६८' हा मूनीबरोबरचा अगदी पहिला अल्बम, पण तेव्हा कुणी घेतला नाही, निघाला १९८१ मध्ये.

सीडी घ्यायची तर २००४-०५ ची नव्याने मास्टर केलेली आवृत्ती. तीत खालचे सूर जुन्या सीडींपेक्षा भरीव आहेत. विनाइलवर एका बाजूला २२ मिनिटांच्या पुढे गेलं की खाचा जवळ आणाव्या लागतात आणि पातळी उतरते. 'बेल एअर' वीस मिनिटांचं, म्हणजे काठावर. शेवटची चार मिनिटं आतल्या वेढ्यात येतात आणि तिथे स आणि श फाटतात. सुईचं टोक झिजलेलं असेल तर आधी तिथेच कळतं.

---

चौथी_मात्रा

'बेल एअर'ला +१.

अवांतर: जर्मनी आणि आपला संबंध विचारला जातोच. कॅनशी नाही, पण म्युनिकच्या एम्ब्रियो या बँडशी आहे. १९७७ च्या 'अपो-कॅलिप्सो'वर मुंबईचा त्रिलोक गुर्टू वाजवतो. पुढे त्याचा स्वतःचा 'उस्फ्रेत' (१९८८) सीएमपी या जर्मन कंपनीनेच काढला, आणि त्यावर त्याच्या आई शोभा गुर्टू गायल्या आहेत. ठुमरी-दादरा ऐकणाऱ्यांनी जरूर ऐकावा.

---

निळासावळा

नावाची दुरुस्ती मान्य. तो स्टुडिओ अजून आहे का?

---

फीतकापू

वाइलरस्विस्टला नाही. २००७ मध्ये सगळा स्टुडिओ ग्रोनाऊच्या रॉक-पॉप संग्रहालयाने घेतला, आतलं सामान उचलून तिकडे पुन्हा उभं केलं. सामान हलवताना जुन्या टेपांचा साठा हाती आला. तीस तासांहून जास्त संगीत, त्यातून श्मिट आणि जोनो पॉडमोर यांनी तीन सीडींचा 'द लॉस्ट टेप्स' (२०१२) बांधला. त्यानंतर २०२१ पासून मैफिलींची मालिका निघतेय: श्टुटगार्ट १९७५, ब्रायटन १९७५, कुक्सहाफेन १९७६, आणि २०२४ मध्ये डामोसकटची पॅरिस १९७३. तो संच निघाला त्याच महिन्यात डामो गेला. कारोली २००१ मध्ये आणि शुकाय २०१७ च्या सप्टेंबरात गेला. शेवटपर्यंत त्याचा मुक्काम त्या सिनेमागृहातच होता.

मैफिलींच्या टेपा घेताना एक लक्षात ठेवा. त्यांवर गाण्यांची नावं नाहीत, फक्त 'एक', 'दोन', 'तीन' असे जर्मन आकडे आहेत. मधेच 'व्हिटॅमिन सी'चा बास ओळखू येतो आणि हरवतो. तबकडीवरचं गाणं शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही. मंचावर ते आधीचं गाणं वाजवत नसत, टेप सुरू करायच्या आधी जे करायचे तेच करत.